डायल टोन कोण वाजवतं?

जुन्या लँडलाइनचा रिसीव्हर कानाला लावला की जो सलग घूंऽऽ आवाज येतो, तो फोनच्या डब्यातून निघत नाही. तो एक्स्चेंजमधून येतो, तांब्याच्या तारांच्या जोडीवरून, दोन-चार किलोमीटरचा प्रवास करून. म्हणून त्या एका आवाजात बरंच काही कळतं. तार शाबूत आहे, एक्स्चेंज चालू आहे आणि नंबर घ्यायला पलीकडचं यंत्र तयार आहे. लाइनमन खांबावरच्या डब्यापाशी आपला टेस्ट फोन लावून आधी तोच ऐकतो. तिथे आवाज आला म्हणजे दोष तुमच्याकडे, नाही आला तर रस्त्याखाली.

आता ऑफिसातल्या टेबलावरचा नवा आयपी फोन, म्हणजे इंटरनेटच्या पद्धतीने चालणारा फोन, उचला. आवाज अगदी तसाच, पण तो त्या यंत्रानेच वाजवलेला. वर्षानुवर्षांची सवय मोडू नये म्हणून ठेवलेली ही सोय आहे. बरेचसे फोन सर्व्हरवर आपली नोंद झाली असेल तरच तो वाजवतात, पण बाहेरची लाईन चालू आहे का, हे त्यावरून समजत नाही. रिसेप्शनवरची ताई वैतागून म्हणते, "टोन तर येतोय, मग फोन का लागत नाही?" तेव्हा ती जुन्या हिशेबाने विचारत असते.

ऑफिससाठी इंटरनेटवरची फोन व्यवस्था घ्यायला निघालेला प्रत्येक जण आधी विचारतो, महिन्याला किती वाचतील? वाचतात, यात शंका नाही. मात्र ते कशामुळे वाचतात, हे कुणी फारसं विचारत नाही. एक मोठं कारण असं, की पूर्वी जे काम टेलिफोन कंपनी भाड्याच्या पैशात करायची, त्यातलं निम्मं आता तुमच्या ऑफिसात येऊन पडलेलं असतं. वीज, वायरिंग, पासवर्ड, आवाजाचा दर्जा, सगळं.

तांब्याची तार काय काय करायची

आपल्याकडे कोलकाता, मुंबई आणि मद्रासमध्ये टेलिफोन एक्स्चेंज सुरू झाली ती १८८२ मध्ये, ग्रॅहम बेल यांच्या टेलिफोनच्या पेटंटनंतर अवघ्या सहा वर्षांनी. तेव्हा ऑपरेटर हाताने वायरी जोडायचे. माणसाविना चालणाऱ्या एक्स्चेंजचं पेटंट १८९१ मध्ये कॅन्सस सिटीच्या अल्मन स्ट्रोजर यांना मिळालं. हे गृहस्थ अंत्यविधीचं सामान पुरवण्याच्या धंद्यातले. प्रतिस्पर्ध्याची बायको ऑपरेटर होती आणि ती यांची गिऱ्हाइकं नवऱ्याकडे वळवायची, म्हणून यांनी यंत्रच शोधलं, असा किस्सा सांगतात. किस्सा खरा असो वा नसो, धंद्याचा फोन कुणाच्या हातात असावा ही चिंता फार जुनी आहे.

घरापर्यंत आलेल्या दोन तारांवर एक्स्चेंज ४८ व्होल्टचा पुरवठा कायम सोडून ठेवतं. रिसीव्हर उचलला की सर्किट पूर्ण होतं, थोडा करंट वाहतो आणि एक्स्चेंजला कळतं की या माणसाला बोलायचंय. बेल वाजवायची तेव्हा त्याच तारांवर ७५ व्होल्टच्या आसपास एसी येतो. तार हातात असताना कुणाचा फोन आला तर लाइनमनला झटका बसतो तो याचाच. तुमच्या घरातली वीज यात कुठेच नाही. बॅटऱ्या एक्स्चेंजमध्ये, जनरेटरही तिथेच. महाराष्ट्रात तासन्‌तास लोडशेडिंग असायचं त्या काळातही साधा लँडलाइन फोन चालू राहायचा, तो त्यामुळे.

एक गैरसमज इथेच दूर करतो. जुना फोन ॲनालॉग आणि नवा डिजिटल, असं सरसकट सांगितलं जातं. ते अर्धंच खरं आहे. १९८४ मध्ये सी-डॉट स्थापन झालं आणि डिजिटल एक्स्चेंजं गावोगाव पसरली, तेव्हापासून तुमचा आवाज घर ते एक्स्चेंज एवढाच ॲनालॉग असायचा. पुढे त्याचे सेकंदाला ८,००० नमुने घेतले जायचे, प्रत्येक नमुना ८ बिटांचा, म्हणजे सेकंदाला ६४ किलोबिट. खरा फरक वाटेचा आहे. जुन्या पद्धतीत पुण्याहून नागपूरला फोन लागला की या ६४ किलोबिटांची अखंड वाट तुमच्या नावाने राखून ठेवली जायची. तुम्ही बोला नाहीतर गप्प बसा, ती वाट दुसऱ्या कुणाला मिळत नसे. म्हणूनच आवाज कधी तुटत नव्हता, आणि म्हणूनच एसटीडीच्या मिनिटाला पैसे पडत होते.

ऑफिसात याच्या जोडीला ईपीएबीएक्स आलं, म्हणजे ऑफिसापुरतं छोटं एक्स्चेंज. भिंतीवरचा तो पांढरा डबा, शेजारी वायरी जोडायच्या पट्ट्यांमध्ये (क्रोनच्या) दाबून बसवलेल्या शेकडो बारीक वायरी. ४० जणांच्या ऑफिसात सगळे एकदम बाहेर बोलत नाहीत, म्हणून आठ-दहा लाईनी घ्यायच्या आणि आत ४० एक्स्टेंशन काढायची. मोठ्या ऑफिसांनी पीआरआय नावाची लाईन घेतली, एका केबलवर ३० संभाषणं, म्हणजे ३० चॅनेल. एकतिसाव्या गिऱ्हाइकाला एंगेज टोन. किती लाईनी पुरतील, हे गणित एर्लांग नावाच्या डॅनिश गणितज्ञाने कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करताना विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मांडलं. त्याच्या हिशेबाने ३० चॅनेलवर गर्दीच्या वेळी सरासरी २० संभाषणं चालू असतील तर शंभरातला साधारण एक फोन परत जातो. इंटरनेटवर आलो तरी हे गणित तसंच लागू आहे, कारण तिथेही चॅनेल मोजूनच विकले जातात. विकणारे मात्र ते करून दाखवत नाहीत.

जागा बदलणं ही या जुन्या व्यवस्थेची खरी कटकट. अकाउंट्सच्या जोशी मॅडम दुसऱ्या मजल्यावर गेल्या की ईपीएबीएक्सवाल्याला बोलवा, त्याने कुठली जोडी कुठे जाते ते शोधायचं, पंचिंग टूलने वायर काढून दुसरीकडे दाबायची. आयपी फोनमध्ये मॅडम फोन उचलून वर नेतात, भिंतीतल्या लॅन पॉइंटला लावतात आणि एक्स्टेंशन त्यांच्यामागून आपोआप येतं, कारण नंबर वायरीचा राहिलेला नसून त्या यंत्राच्या नावनोंदणीचा झालेला असतो.

आवाजाचे तुकडे

इंटरनेटवर कुणासाठी वाट राखून ठेवत नाहीत. तुमच्या बोलण्याचे २० मिलिसेकंदांचे तुकडे पडतात, सेकंदाला ५०. साध्या कोडेकमध्ये (आवाजाचे आकडे करण्याची पद्धत) एका तुकड्यात १६० बाइट आवाज असतो आणि त्यावर कुठून आला, कुठे जायचं, कितवा आहे हे सांगणारा ४० बाइटचा पत्ता. बेरीज केली की सेकंदाला ८० किलोबिट, लॅनचा वरखर्च धरून ८७. जी.७२९ नावाचा कोडेक आवाज दाबून २० बाइटवर आणतो, पण पत्ता ४० चाच राहतो. मालापेक्षा वेष्टण दुप्पट!

आता हे तुकडे प्रवासाला कसे निघतात, ते पाहा. लग्नाचं वऱ्हाड दहा रिक्षांतून निघावं तसं. रस्ते वेगळे, सिग्नल वेगळे, कुणी आधी पोचतं, कुणी मागाहून. कार्यालयाच्या दारात सगळे थोडं थांबतात, क्रम लावतात आणि एकत्र आत जातात. एखादी रिक्षा फारच रखडली तर मुहूर्त टळू नये म्हणून वऱ्हाड तिला सोडून आत शिरतं. फोनमध्ये या थांबण्याच्या जागेला जिटर बफर म्हणतात. तो लहान ठेवला तर उशिरा आलेले तुकडे टाकून द्यावे लागतात आणि आवाज तुटतो. मोठा ठेवला तर आवाज सलग येतो, पण उशिरा, आणि दोघं एकमेकांच्या बोलण्यावर बोलू लागतात. एका दिशेचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत असावा, अशी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची शिफारस आहे.

ई-मेलचा तुकडा हरवला तर तो पुन्हा मागवला जातो. बोलण्याचा मागवत नाहीत. "उद्या माल पाठवा" यातला "उद्या" तीन सेकंदांनी येऊन काय करायचं?

म्हणूनच "आमच्याकडे १०० एमबीपीएसचं कनेक्शन आहे, फोन चालायलाच हवा" हे बोलणं फसवं आहे. ३० संभाषणांना तीन एमबीपीएससुद्धा लागत नाहीत. प्रश्न रुंदीचा नसून वेळेवर पोचण्याचा असतो. संध्याकाळी सहाला कुणीतरी मोठी फाइल ड्राइव्हवर चढवतं, सीसीटीव्हीचं चित्रण क्लाउडवर जाऊ लागतं, अपलोडची वाट तुंबते, आणि बरोबर त्या वेळी गिऱ्हाइकाला तुमचा आवाज पाण्याखालून आल्यासारखा ऐकू जातो. तुम्हाला मात्र त्याचा स्वच्छ येतो, कारण डाउनलोड मोकळं असतं. उपाय साधा आहे. राउटरमध्ये आवाजाच्या तुकड्यांना पहिला मान द्यायचा, किंवा फोनसाठी वेगळं छोटं कनेक्शन घ्यायचं. दोन्ही गोष्टी आता तुमच्या अखत्यारीत आहेत, टेलिफोन कंपनीच्या नाहीत.

एका बाजूने मुका फोन

फोन लावण्याचं काम आणि आवाज नेण्याचं काम इंटरनेटवर वेगवेगळं चालतं, हे लक्षात ठेवलं तर निम्म्या तक्रारींचा उलगडा होतो. लावण्याचं काम सिप नावाची पद्धत करते. १९९९ मध्ये ती मांडली गेली, २००२ मध्ये सुधारून पक्की झाली. तिची भाषा वेबच्या भाषेवर बेतलेली. तुमचा फोन 'इन्व्हाइट' पाठवतो, पलीकडून '१८० रिंगिंग' येतं, उचलला की '२०० ओके', ठेवला की 'बाय'. नंबर अस्तित्वात नसेल तर वेबसाइटवर दिसतो तोच ४०४.

या इन्व्हाइटच्या आत तुमचा फोन लिहितो, "तुमचा आवाज मला या पत्त्यावर पाठवा." राउटरच्या मागे बसलेल्या फोनला स्वतःचा पत्ता ठाऊक असतो तो ऑफिसातला, १९२.१६८ ने सुरू होणारा. तो बाहेरच्या जगात चालत नाही. पलीकडचा सर्व्हर मुकाट्याने त्या पत्त्यावर आवाज धाडतो आणि तो कुठेच पोचत नाही. परिणाम काय, तर बेल वाजली, फोन उचलला, तुमचं बोलणं त्यांना जातंय, त्यांचं तुम्हाला येत नाही. गंमत म्हणजे हे सोडवायला म्हणून राउटरमध्ये 'सिप एएलजी' नावाची सोय दिलेली असते, आणि अनेकदा तीच घोळ घालते. एका बाजूचा आवाज गायब, किंवा कॉल ठरावीक वेळानंतर आपोआप तुटतोय, अशी तक्रार आली की जाणकार माणूस सगळ्यात आधी ती बंद करून बघतो. निम्म्या वेळा तेवढ्यावर भागतं.

तुमचा लँडलाइन कदाचित लँडलाइन नाहीच

फायबरच्या कनेक्शनसोबत जो "लँडलाइन" नंबर मिळतो, एसटीडी कोडसह, तो इंटरनेटच्याच पद्धतीने चालतो. फायबरमधून वीज येत नाही. भिंतीवरच्या ओएनटी डब्याला, म्हणजे फायबर जिथे येऊन संपतं त्या यंत्राला, तुमच्या घरची वीज लागते. वीज गेली, डबा बंद, फोन बंद. ऑफिसात याच्या वर आणखी स्विच, राउटर आणि फोन. आयपी फोनला लॅनच्या वायरीतूनच वीज देता येते, म्हणजे प्रत्येक टेबलावर ॲडॅप्टर नको. पण त्या स्विचला यूपीएस हवा, राउटरला हवा, ओएनटीलाही हवा. ओएनटी बहुतेक वेळा दुसऱ्याच खोलीत, पंख्याच्या प्लगशेजारी लावलेला सापडतो आणि यूपीएसच्या यादीतून नेमका तोच सुटतो.

ब्रिटनने हा धडा महागात घेतला. तिथलं तांब्यावरचं जुनं फोनजाळं डिसेंबर २०२५ अखेर बंद करायचं ठरलं होतं. पण एकटे राहणारे अनेक वृद्ध मदत बोलावण्यासाठी गळ्यात बटण घालतात, आणि ती यंत्रं फोनलाइनवर चालतात. नव्या लाईनवर ती ऐन वेळी चालली नाहीत, अशा गंभीर घटना २०२३ मध्ये पुढे आल्या. सक्तीची बदली थांबवावी लागली आणि मुदत जानेवारी २०२७ पर्यंत ढकलली. आपल्याकडे अशी बटणं फारशी नाहीत. पण लिफ्टमधला फोन, फायर अलार्मचा डायलर आणि काही दवाखान्यांतला व सरकारी कामातला फॅक्स आहेच. फॅक्सचे सूर आवाजाच्या तुकड्यांतून नीट जात नाहीत, त्यासाठी टी.३८ नावाची वेगळी सोय दोन्ही टोकांना लागते. या दोन-तीन वस्तूंसाठी एक साधी लाईन ठेवली तर बिघडत नाही.

डबा भिंतीवर की क्लाउडमध्ये

इंटरनेट फोन घ्यायचे म्हटलं तरी दोन वाटा आहेत. एकीत डबा ऑफिसातच राहतो, फक्त तो आयपीचा असतो आणि बाहेरच्या जगाशी सिप ट्रंकने, म्हणजे इंटरनेटच्या पद्धतीने येणाऱ्या बाहेरच्या लाईनीने, जोडलेला असतो. ॲस्टरिस्क हे फुकट सॉफ्टवेअर १९९९ मध्ये मार्क स्पेन्सर यांनी लिहायला घेतलं, तेव्हापासून हा डबा एखाद्या साध्या संगणकावरही उभा करता येतो. दुसरी वाट क्लाउडची. तीत डबाच नाही, सगळं कंपनीच्या डेटा सेंटरमध्ये आणि दर माणशी भाडं.

क्लाउडचं एक वागणं नीट समजून घ्या. शेजारच्या टेबलावरच्या माणसाला फोन लावला तरी निरोप आधी डेटा सेंटरला जातो आणि तिथून परत येतो. इंटरनेट गेलं की आतला इंटरकॉमही गेला. ईपीएबीएक्समध्ये बाहेरच्या सगळ्या लाईनी मेल्या तरी गेटवरून गोडाऊनला फोन लागायचा. कारखान्यात, हॉस्पिटलमध्ये ही फार मोठी गोष्ट आहे. मी तिथे क्लाउड सुचवणार नाही. उलट बाजूही तितकीच खरी. ऑफिसचं इंटरनेट बंद असलं तरी क्लाउड जागाच असतो. तो गिऱ्हाइकाला नमस्कार करतो, "विक्रीसाठी १ दाबा" म्हणतो आणि फोन तुमच्या मोबाईलवर धाडतो. मार्च २०२० मध्ये लॉकडाउन लागला तेव्हा भिंतीवरचे डबे रिकाम्या ऑफिसांत वाजत राहिले, आणि क्लाउडवाले घरी बसून उचलत होते. पाच-दहा जणांचं सल्लागार ऑफिस, क्लासेस, ट्रॅव्हल एजन्सी यांच्यासाठी माझं मत सरळ क्लाउडच्या बाजूने आहे.

कायदा आणि चोर

आपल्या देशात "इंटरनेटवरून फोन" म्हणजे काहीही चालतं, असं नाही. परदेशातून इंटरनेटवर आलेला कॉल इथे सिम बॉक्समधून लोकल कॉल म्हणून सोडणं हा गुन्हा आहे. छाप्यात शेकडो सिमकार्डं भरलेली यंत्रं सापडल्याच्या बातम्या तुम्ही वाचल्या असतील. यात सरकारचा महसूल बुडतो, आणि फोन कुठून आला हे तपासयंत्रणेला सापडत नाही. मोबाईल किंवा लँडलाइन नंबरांशी जोडणारी इंटरनेट टेलिफोनी परवानाधारक कंपन्यांना २०१८ मध्ये खुली झाली, कॉल सेंटरांवरचे नियम २०२० आणि २०२१ मध्ये बरेच सैल झाले, पण चोरवाट बंद ती बंदच. त्यामुळे कुणी फारच स्वस्तात "आंतरराष्ट्रीय लाईन" देऊ केली तर परवाना कुणाचा आहे, हे कागदावर मागा. जाहिरातीचे फोन करायचे असतील तर त्यासाठी १४० ने सुरू होणाऱ्या नंबरांची मालिका आहे. नोंदणी न करता साध्या सिप किंवा पीआरआय लाईनवरून असे कॉल सोडणाऱ्यांची सगळी कनेक्शनं तोडून दोन वर्षांपर्यंत काळ्या यादीत टाकण्याचा आदेश ट्राय या दूरसंचार नियामकाने ऑगस्ट २०२४ मध्ये काढला आहे.

तांब्याची तार चोरायला रात्री येऊन खणावं लागायचं. आयपी डब्याला तेवढे कष्ट नकोत. तो उघड्या इंटरनेटवर ठेवला की काही तासांतच लॉगमध्ये अनोळखी पत्ते दिसू लागतात. एक्स्टेंशन १०१, पासवर्ड १०१. मग १०२, १०२. ही माणसं नव्हेत, रात्रंदिवस फिरणारे प्रोग्रॅम. एक जरी जुळला तर शनिवारी रात्री तुमच्या लाईनवरून दूरदेशीच्या महागड्या नंबरांवर फोन सुरू होतात, त्या नंबरांच्या कमाईत चोराचा वाटा असतो, आणि सोमवारी सकाळपर्यंत बिल होऊन बसतं. ज्या ऑफिसातून कधीच आयएसडी लागत नाही, तिथे आयएसडी कंपनीकडूनच बंद करून घ्यावं. अर्जाचं काम आहे, पैसे पडत नाहीत.

आणि शेवटी जुना नंबर. दुकानाच्या पाटीवर, बिलबुकावर, टेम्पोच्या पाठीमागे रंगवलेला. कंपनी बदलून तोच नंबर ठेवण्याची सोय आपल्याकडे मोबाईलला आहे, लँडलाइनला नाही. तांब्याची लाईन सोडून दुसऱ्या कंपनीची सिप ट्रंक घेतली की नंबर नवा. म्हणून जुनी लाईन लगेच परत करू नका. तिच्यावर कॉल फॉरवर्ड टाका किंवा एफएक्सओ गेटवे नावाच्या छोट्या डब्यातून तीच लाईन नव्या यंत्रणेत घ्या, म्हणजे जुन्या नंबरावरचा फोन नव्या टेबलावर वाजेल. वर्षभर कॉलची नोंद ठेवा. जुन्या नंबरावर अजून कोण फोन करतंय ते दिसेल, आणि लाईन ठेवायची की सोडायची ते तेव्हा ठरवा.